सामान वाटून दिल्यावर

२० जानेवारी २०२५, सोमवार

प्रविण,

आधी पुरतं वाच, मंग फाड. इतकं तरी मायचं ऐक.

संक्रांतीला तू पाय आपटत गाडीत बसलास, तव्हापासून फोन लागतो पण उचलत कुणी न्हाई. शेजारच्या छबुबाईच्या फोनवरून केला, भिवराबाईच्या केला, किराणा दुकानातून केला. छबुबाई म्हणती, "वत्सलाबाई, तुझ्या लेकानं समद्या गावाचेच नंबर बंद केले काय गं?" हसली मेली. मला काही हसू आलं न्हाई. म्हून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पोस्टातला पोरगा माझ्याकडं बगतच राहिला. म्हणला, "मावशी, आता पत्र कोण लिहितं?" मी म्हणलं, जिचं पोरगं फोन उचलत न्हाई ती लिहिती.

तू म्हणलास, "समदं सामान परत आण, न्हाईतर मला माय न्हाई, आन् राजनंदिनीच्या पोटातल्या लेकराला आज्जी न्हाई." आन् हे कुणाम्होरं म्हणलास? सासऱ्याम्होरं! व्याह्याम्होरं कुणी मायला असं बोलतं का रे? विजयसिंहराव बिचारे मिशीवर हात फिरवत आढ्याकडं बगत बसले. बसले म्हणजे घोंगडीवर. तेच तुला झोंबलं, मला काय कळत न्हाई व्हय? एवढा बागायतदार माणूस, तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन हाय, आन् लेकीच्या सासरी टेकायला खुर्ची न्हाई. तुझे कान लालभडक झालते. मी तीळगूळ हातावर ठेवला तर तू तो तसाच फळीवर ठेवून गेलास. चार दिवस मला तो उचलवला न्हाई. मंग मुंग्या लागल्या.

सामान मी काही उकिरड्यावर फेकलं न्हाई. फ्रीज भिवराबाईकडं हाय. तिला साखरेचा आजार, सुई टोचून घ्यायचं औषध ती वल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवायची. आन् माझ्या फ्रीजमधी काय असायचं? पाण्याची बाटली आन् अर्धं लिंबू. टीव्ही छबुबाईच्या घरी गेला. तिचा नवरा गहिनीनाथ अंथरुणाला खिळलाय, पडल्या पडल्या कीर्तन बगतो. कपडे धुवायच्या मशीनमधी मी ज्वारी भरून ठेवलती, ते तुला सांगितलं न्हवतं. झाकण लई घट्ट बसतं, एक उंदीर शिरला न्हाई. आता ते शाळेच्या वसतिगृहात दिलं, ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं राहतेत तिथं. तिथं त्यात कपडेच धुतेत म्हणं. फळीवरची जास्तीची भांडी बी तिथंच दिली. मोठा फोन छबुबाईच्या नातीला दिला, वैष्णवीला. बारावीला हाय, त्यावर अभ्यास करती. सोफा तेवढा न्हाव्याच्या दुकानात गेला. दाढीला आलेली माणसं त्यावर बसतेत आन् "प्रविणचा सोफा" म्हणतेत. तुझं नाव गावात निघतंय, राग कशाचा?

घरातल्या भितीवरच्या कॅमेऱ्याचं इचारलंस. उंदरानं वायर खाल्ली म्हून काढला. आता त्याच्यावर आणिक काही इचारू नको.

राजनंदिनीला पाय वर घेऊन बसायला सांग.

तुझी माय
(तू न्हाई म्हणलास तरी)


३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

प्रविण,

पत्राला उत्तर न्हाई, पण खोकं आलं! कुरिअरचा शहादेव फटफटी घेऊन दारात. एका खोक्यात नवा फोन, दुसऱ्यात पाय दाबायचं मशीन. दोन वळी लिहायला तुला येळ न्हाई, आन् पाय दाबायला मशीन पाठवतोस.

मी म्हणलं, शहादेवा, हे परत ने. तो म्हणला, "मावशी, परत न्यायचं तर तुमच्या फोनवर ओटीपी येतो, तो सांगावा लागतो." मी म्हणलं, फोन न्हाई. तो म्हणला, "मंग ह्या खोक्यातला काढा की." म्हणजे फोन परत द्यायला आधी फोन घ्यायचा! आमी दोघं त्या खोक्याकडं बगत उभं राहिलो. शेवटी चहा पिऊन गेला तो. खोकी छबुबाईच्या माळ्यावर हायेत. येशील तव्हा घेऊन जा.

कशापायी दिलं समदं, असं तू ओरडत होतास. त्या दिवशी मला बोलू दिलं न्हाईस, आता लिहिते.

तू एकेक वस्तू आणत गेलास आन् मी त्यांची राखणदार होत गेले. लाईट गेली की फ्रीज बंद झाला का बगा. आली की आधी टीव्हीची पिन काढा, न्हाईतर जळंल. शेतात हरभरा उपटायला जायचं तर दोन कुलपं. कपिलधारच्या देवाला चल म्हणली छबुबाई, तर मी म्हणायची, घर कुणाच्या भरवशावर टाकू? जरा रानात रमले की तुझा फोन, "माय, घरात दिसंनास, कुठं हायस?" ऊसतोडीच्या मुकादमाच्या हाताखाली उभी हयात काढली मी, पण त्यानं बी एवढी हजेरी घेतली न्हाई.

समदं दिलं आन् दुसऱ्याच दिवशी कपिलधारला गेलो आमी. धबधब्याची धार बारीक झालीय आता, तरी तिच्याखाली हात धरून उभी राहिले. मुक्काम केला. घराला नुसती कडी घातलती. परत आले, दार उघडलं, आन् "आले गं बाई" म्हणलं तर माझाच आवाज घुमला. खोटं कशाला बोलू. रिकाम्या घरात माणसाची आठवण जास्ती येती. तुझी येती. तुझे आप्पा गेले, त्यांची बी. पण आठवण येती म्हून घरात वस्तू भरायच्या, हे मला पटत न्हाई.

तुझ्या पुण्याच्या घरी आलते तव्हाची गोष्ट. तीन खोल्या, पाय ठेवायला जागा न्हाई, म्हून तू चौथी खोली असलेलं घर बगत होतास. राजनंदिनी कपाट उघडून उभी, कपडे अंगावर पडायला आलेले, आन् म्हणती, "आत्याबाई, घालायला काहीच नाही." मला हसू आलं, तिला बी आलं. गोड पोरगी हाय. तिच्याशी भांडू नको माझ्यापायी.

आन् हो, वैष्णवीनं मला एक गंमत दाखवली त्या फोनवर. शहरातली एक बाई पांढऱ्या खोलीत मांडी घालून बसलीय आन् शिकवतीय, कमी सामानात कसं राहायचं. लाखानं लोक बगतेत म्हणं. मी इचारलं, हिचं सामान गेलं कुठं? वैष्णवी म्हणली, "आज्जी, कॅमेऱ्याच्या मागं असंल."

उत्तर दे रे. शिव्या दे, पण दे.

माय


१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रविण,

उंदीर-बिंदीर काही न्हाई. कॅमेरा मी काढला. काठीनं.

हे तुला सांगायचं न्हवतं. तुझा सासरा मधी येतो, उद्या तुमच्यात तेढ नको, म्हून गिळलं. पण तू आता मला गुन्हेगारावाणी वागवायलास, तर ऐकच.

दिवाळी होऊन गेलती. मी डोक्यावरून पाणी घेतलं होतं. मधल्या खोलीत केस मोकळे सोडून, पदर मांडीवर टाकून इंचरत बसलते. घरात दुसरं होतं कोण? आन् भितीतून आवाज आला, "विहीणबाई, रामराम! चहा झाला का?"

प्रविण, काळजाचं पाणी झालं माझ्या. परक्या पुरुषाम्होरं मी कधी केस मोकळे सोडले न्हाईत. उसाच्या फडात बाराशे माणसात राहिले, तुराट्याच्या आडोशाला आंघोळ केली, पण कुणी मला तशी बगितली न्हाई. आन् इथं माझ्या घरात, दाराला कडी असताना, व्याही बगतोय! मी पदर वढला, चुलीकडं पळाले आन् तिथून भितीला रामराम घातला. काय करणार? व्याह्याला रामराम न घालून कसं चालंल?

ते काही वाईट मनानं बोलले न्हाईत, हे बी सांगते. त्यांच्या घरी पाव्हणे बसलते. त्यांना दाखवत होते, "बघा, आमच्या जावयानं आईला काय काय घेऊन दिलंय. तो फ्रीज, ते मशीन, तो सोफा." मी चुलीपाशी दबून बसून समदं ऐकत होते. मधीच एक बाईमाणूस म्हणलं, "आन् त्या कुठं गेल्या?" मला दुकानात मांडल्यावाणी वाटलं रे. वस्तूंच्या मधी एक म्हातारी.

त्या दिवशी कॅमेरा काढला. मंग बाकीच्या सामानाकडं बगितलं तर ते बी माझं वाटंना. ते समदं लोकांना दाखवायला होतं. म्हून ज्याला लागतं त्याला देऊन टाकलं.

तुला लाज वाटती, प्रविण. आपण ऊसतोडीची माणसं, आपल्या घरात काही न्हवतं, हे कुणाला दिसू न्हाई म्हून तू घर भरलंस. मला न्हाई वाटत लाज. अरे, अख्खा संसार एका बैलगाडीवर बसवायचा म्हणजे अक्कल लागती. टोळीत कुणाची गाडी भरायची असली की बाया मला हाक मारायच्या. नव्या नवऱ्या रडायच्या, हे बी घेऊ, ते बी घेऊ. मी एकेक वस्तू हातात धरून इचारायची, दिवसातून दोनदा लागती का? न्हाई? मंग ठेव खाली. कारखान्यावर पोचलो की पाचटाची कोपी उभी राहायची आन् सूर्य मावळायच्या आत माझी चूल पेटलेली असायची. समद्यात आधी माझी. आप्पा म्हणायचे, "वत्सलाची गाडी हलकी, म्हून बैल बी खुश."

ती आमची गरिबी होती, खरं हाय. पण ती माझी हुशारी बी होती. तिला लाज म्हणू नको.

आता तुला बोलायचं असंल तर बोल, नसंल तर मी पुन्यांदा पाकीट आणणार न्हाई.

माय


पुणे, २६ फेब्रुवारी २०२५
(महाशिवरात्रीची सुट्टी)

माय,

कॅमेऱ्यातून असं काही झालं हे मला माहीतच नव्हतं. सासऱ्यांच्या फोनवर ते ॲप मीच टाकून दिलं होतं. कौतुक म्हणून. ते असं बोलतील, तू अशी बसलेली असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझं पत्र मी राजनंदिनीलाही वाचून दाखवलं. तिनं वडिलांना फोन लावला आणि काय काय सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. ते स्वतः येऊन माफी मागणार आहेत. मी तर कुठल्या तोंडानं मागू?

पण तू लिहिलंस की मला लाज वाटते. घोंगडीची थोडी वाटली, मान्य आहे. पण मी त्या दिवशी तसा ओरडलो ते घोंगडीसाठी नाही, माय.

तुला तुझी गाडी आठवते. मला काय आठवतं ते ऐक.

दसरा झाला की तू फळीवरची भांडी उतरवायला लागायचीस. हंडा छबुमावशीकडं ठेवायला जायचा. कोंबड्या भिवरामावशीकडं. गोधड्या बांधून माळ्यावर. रोज थोडं थोडं. मी शाळेतून आलो की दप्तर टाकायच्या आधी फळीकडं बघायचो. भांडी जागच्या जागी असली की जेवायचो. फळी मोकळी व्हायला लागली की मला कळायचं. तुम्ही कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारलं तर तू हो म्हणशील. मग एक दिवस सकाळी उठलो की तुळजाआज्जी भाकरी करत बसलेली असायची आणि गाडी गेलेली असायची. पाडव्यापर्यंत.

मला नोकरी लागल्यावर सगळे म्हणायचे, एकट्या आईला एवढं सामान कशाला? मी त्यांना काही सांगितलं नाही. मला वाटायचं, एवढं सामान झालं तर ते कुठल्याच गाडीत मावणार नाही.

कॅमेराही त्यासाठीच होता. ऑफिसात मधेच फोन काढायचो, तू घरात दिसलीस की पुढचं काम करायचो. हजेरी नव्हती ती.

संक्रांतीला मी दार ढकललं आणि फळी मोकळी. फ्रीज भिवरामावशीकडं, टीव्ही छबुमावशीकडं. सगळं त्याच घरांत, ज्या घरांत तू तेव्हा ठेवायचीस. माय, मी चाळीशीला आलो, माझं लेकरू येणार आहे, आणि मी त्या दारात शाळेतल्या पोरासारखा उभा होतो. सासऱ्यांसमोर रडायला येईल म्हणून ओरडलो.

आता तू कुठं निघालीस?

प्रविण


४ मार्च २०२५, मंगळवार

प्रविण, माझ्या लेकरा,

तुझं पत्र आलं ते मी कुणाला वाचू दिलं न्हाई. रानात गेले, बांधावर बसून वाचलं. लई रडले. तुला कळावं म्हून सांगते.

सोडून गेलो, त्याची माफी मी मागणार न्हाई. तुला संगं नेलं असतं तर तुझ्या हातात बी कोयताच आला असता. ते मी उद्या देवाम्होरं बी सांगन. पण न सांगता निघायचं, हे तुझ्या आज्जीचं. ती म्हणायची, लेकरू झोपेत असताना जावा, म्हणजे रडत न्हाई. आन् पाडव्याला आलो की सांगायची, "शहाणं हाय पोरगं, एक दिवस रडलं न्हाई." आमी फडात अभिमानानं सांगायचो समद्यांना, आमचं प्रविण रडत न्हाई. तू फळीकडं बगायचास हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई रे.

म्हातारी मरायला निघाली असं वाटलं व्हय तुला? मेल्या, गुडघं सोडलं तर समदं धड हाय माझं. कपिलधारच्या पायऱ्या छबुबाईच्या आधी चढले मी.

विजयसिंहराव येऊन गेले. संगं लुगडं आणलं होतं. खाली मान घालून बसले, घोंगडीवरच. "विहीणबाई, चुकलो" म्हणले आन् पुढं शब्द फुटंना. एवढा भाषणं ठोकणारा माणूस! मी म्हणलं, रामराम दारातून घालत जावा, भितीतून नको. तव्हा कुठं हसले. दोन कप चहा प्याले. त्यांच्याशी नीट वाग.

सामान मी परत आणणार न्हाई, ते आधीच सांगते. भिवराबाईच्या औषधाचं आता माझ्या हट्टापायी वाटोळं करू का? आन् मला हे मोकळं घर आवडतं. सकाळी दार उघडलं की उजेड पार मागच्या भितीपर्यंत जातो. ही मोकळी फळी बगून तुला भ्या वाटतं, मला बरं वाटतं. दोघांचं बी खरं हाय. मी तुझ्यासाठी ती भरून ठेवणार न्हाई आन् तू माझ्यासाठी भ्यायचं सोडणार न्हाईस, इतकं मला कळतं. तरी एक करते. फोन घेते. त्या खोक्यातला नको, बटणाचा साधा घेऊन दे. रोज दिवे लावायच्या येळंला मी तुला करीन. दिसणार न्हाई मी, पण बोलन. चालंल का?

आता, कुठं निघालीस म्हून इचारलंस. तर ह्या खेपेला सांगून निघते.

होळीची पोळी इथं करते. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, शनवारी, सकाळच्या यष्टीनं बीडहून निघते. पुण्याला येते, तुझ्याकडं. राजनंदिनी बाळंतपणाला माहेरी जाईस्तोवर राहते, तिला काय काय खावं वाटतं ते करून घालते. एक पिशवी हाय, तिच्यात दोन लुगडी आन् तिला मेथीचे लाडू. छबुबाईला सांगितलं, भिवराबाईला सांगितलं, कंडक्टरला बी सांगन.

दुपारी पोचंल गाडी. स्टँडवर ये. ट्रॅफिकनं उशीर झाला तर पळापळ करू नको, गाडी सावकाश चालव. फोन नसला म्हून जीव वरखाली करून घेऊ नको. गाडीतून उतरले की तिथंच बाकड्यावर बसते. तू येईस्तोवर मी जागची हलणार न्हाई.

तुझी माय